डावा बूट

“तिला इतक्यात काही सांगू नका. ठरवण्यात रमलीये, रमू दे. जायचंय कुणाला?”

सासूबाईंचं हे बोलणं माझ्याबद्दल होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होते. नव्या सुनेनं असं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून मुद्दाम कपबशा वाजवत आत गेले.

“या सूनबाई,” सासरे घाईनं म्हणाले, “डोंगरात थंडी किती असेल, तेच बोलत होतो.”

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. लग्नानंतरची पहिली सहल. मी रजा मंजूर करून घेतली होती, हातमोजेसुद्धा आणले होते. जायचंच नव्हतं, तर आज सगळ्यांनी मिळून नकाशा पसरायचं कशासाठी ठरवलं?

पण संध्याकाळी तो पसरलाच. जेवणाच्या टेबलावरचा दिवा खाली ओढला, कोपऱ्यांवर मीठदाणी आणि चष्म्याचं घर ठेवलं. डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान हिरवंगार, कडेनं लहान लहान गावं.

“पहिला मुक्काम तलावाच्या गावात,” सासरे म्हणाले. “लॉजवाल्यानं लिहिलंय, गरम पाणी मिळेल. कधी, ते लिहिलं नाही.”

“तुम्हाला काय करायचंय? थंडीत तुम्ही अंघोळ केल्याचं मला तरी आठवत नाही,” सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसलो. मग सासऱ्यांनी विचारलं, “आणि उद्यानात... जीपनं की पायवाटेनं?”

माझा नवरा, सासूबाई, सासरे, तिघंही गप्प झाले. कुणीतरी उत्तर देतंय आणि ते नीट ऐकायचंय, असे गप्प. भिंतीकडची पाचवी खुर्ची रिकामी होती.

“बरं, पायवाटेनं,” सासरे हळूच म्हणाले. पेन्सिलीची रेघ पुढे सरकली.

तेव्हा तो वास आला. ओल्या लोकरीचा, चिखलाचा, पाइनच्या कुजलेल्या पानांचा. खिडक्या तर बंद होत्या. आणि टेबलाखाली माझ्या डाव्या पावलावर एक गार, अनवाणी पाऊल येऊन विसावलं.

नवऱ्याची चेष्टा, असं वाटून मी वळून पाहिलं. तो मघाशीच उठला होता. कपाटाशी उभा राहून खोडरबर शोधत होता.

तरी मी पाय काढला नाही. ते पाऊल दाबत नव्हतं. लहानपणी थंडीत मी आईच्या पायांत पाय खुपसायचे, तसं ते ऊब शोधत होतं.

नकाशाची घडी पडली आणि पाऊल निघून गेलं. टेबलापासून दारापर्यंत ओले ठसे उमटले होते, एक बुटाचा, एक उघड्या पायाचा. सासूबाईंनी मुकाट्यानं फडकं आणलं. पुसण्याआधी प्रत्येक ठशावर त्या तळहात ठेवत होत्या.

“भिंगरी,” खोलीत आल्यावर नवरा म्हणाला.

ही त्याची धाकटी बहीण. तिच्या अपघाताबद्दल मला लग्नाआधीच सांगितलं होतं. टेबलाबद्दल नव्हतं.

“उद्यानातल्या त्या पायवाटेवर धुकं उतरलं, आणि ती नेहमीसारखी पुढे पळाली. डावा बूट तेवढा सापडला. पुढच्या वर्षी आई म्हणाली, कुठेतरी जाऊ या. नकाशा उघडला... आणि ती आली. तेव्हापासून दरवर्षी उघडतो.”

“आणि जात नाही?”

“गेलो, तर ठरवायला काय उरेल? मग ती कशाला येईल...”

चपलांच्या कपाटातला तो एकटा बूट मला ठाऊक होता. पहिल्याच आठवड्यात मी तो टाकायला निघाले होते. सासूबाईंनी तेव्हा हातातून जवळजवळ हिसकावून घेतला होता.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा नकाशा, पुन्हा तो वास, पुन्हा ते पाऊल. मी मुद्दाम पेन्सिल पाडली आणि वाकले. टाच भेगाळलेली, बोटं काळीनिळी, नखांत ताजा चिखल. इतकं चालून आल्यावर जसं पाऊल दिसेल, तसंच.

वर सासरे म्हणत होते, “माझे गुडघे जरा कुरकुरताहेत. पुढच्या वर्षी बघू.”

माझ्या पायावरची गार बोटं घट्ट आवळली गेली. निघायची वेळ आली की लहान मूल हात धरून ठेवतं, तशी.

मी पाय अलगद सोडवला. कपाटातून बूट आणला आणि नकाशावर, त्या पायवाटेवर ठेवला. कुणी मला अडवलं नाही.

“ती एवढ्या लांबून येते, आई,” मी म्हणाले. “आणि दरवेळी एकटीच परत जाते. एका पायानं अनवाणी.”

सासूबाईंनी बुटाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. “गरम आहे गं... आतून.” मग त्यांचा आवाज फुटला. “काय करू मी? तूच सांग...”

कालपासून माझा डावा पाय गरम झालाच नव्हता. दोन मोजे चढवले होते तरी.

“जाताना गाडीत पाच जण धरा, बाबा,” मी म्हणाले. “येताना चौघंच येऊ.”