तीस सेंटिमीटर उंच झालेला बर्फ

शेवटी साकेतने गुन्हेगार पकडला आणि स्वतःचंच नुकसान करून घेतलं. हे तुम्ही वाचलेलं नाही. ऑक्टोबरातला सोमवार आहे, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं बर्फाची उंची मोजणारं ऑफिस आताच उघडलंय आणि अजून काहीच घडलेलं नाही.

फक्त अंटार्क्टिकाचा एक तुकडा शनिवार-रविवारात तीस सेंटिमीटर उंच झालाय.

उपग्रह बर्फावर लेझर सोडतो. तो परतायला लागलेल्या वेळावरून उंची कळते. पाच वर्षं हा बर्फ खचतच चाललेला. साकेतची सहकारी अंतरा हिच्या फाइलीत तो अचानक वर. महिन्याभरात ती अंटार्क्टिका मोहिमेवर निघणार होती. चूक तिची ठरली, तर जागा साकेतला. प्रतीक्षायादीत तो पहिला होता.

"चौकशी तूच कर," संचालक प्रमोदिनी मॅडम म्हणाल्या. "तिच्या चुकांवर तुझ्याइतकं लक्ष कुणाचंच नसतं."

साकेतने हे कौतुक म्हणून घेतलं.

"फाइल कोण कोण उघडू शकतं?" त्याने अंतराला विचारलं.

"आपण दोघं, विनीत आणि प्रभाकर सर. बुधवारच्या मीटिंगनंतर मी बंद केलेली, तेव्हा ठीक होती. आणि चेहरा जरा कमी खुलव रे."

कॉम्प्युटर सांभाळणारा विनीत म्हणाला, "शनिवारी कुणीतरी उघडलेली, नाव पुसलंय. मी डोंबिवलीत साखरपुड्याला गेलेलो. फोटो आहेत. चारशे."

विभागप्रमुख प्रभाकर सरांच्या खुर्चीवर बर्फातलं जाडजूड जाकीट टांगलेलं होतं.

"अकरा वर्षांपूर्वी घेतलं," सर म्हणाले. "तीनदा निवड झाली, तीनदा रक्तदाबाने अडवलं. पण मला काय विचारतोस? मी बुधवारच्या मीटिंगला नव्हतो. फाइलीत काय घातलंत, मला ठाऊकही नाही."

साकेतने फाइल पाहिली. मोजणी तपासायला बुधवारच्या मीटिंगमध्येच त्यात बर्फाशेजारचा एक उघडा खडक घातला गेला होता. खडकही तीस सेंटिमीटर वाढला होता.

साकेत दहा मिनिटं गप्प बसला. गप्पच राहिलं की अंटार्क्टिका त्याची. पण मग सर सुटले असते. आणि सरांची तीनदा निवड झाली होती, साकेतची एकदाही नाही.

तो मॅडमकडे गेला. सगळ्यांना बोलावलं.

"खडक वाढत नाही. म्हणजे कुणीतरी सरसकट पूर्ण फाइलीत तीस मिळवले. आत खडक आहे हे माहीत असणाऱ्याने तो वगळला असता. मी, अंतरा, विनीत, तिघांनाही माहीत होतं. मीटिंगला एकच माणूस नव्हता, आणि ते त्यांनी स्वतःच सांगितलं."

प्रभाकर सरांनी अंतराकडे बोट दाखवलं.

"तिला एसीसुद्धा सोसत नाही," ते म्हणाले. "सोळावरून चोवीसवर आणते. रोज."

अंतराची जागा राहिली. संध्याकाळी साकेतने अर्ज टाइप केला:

'सदर खंड महाराष्ट्राच्या चाळीसपटींहून मोठा असल्याने तेथे आणखी एक माणूस मावण्यास अडचण दिसत नाही. सबब अर्जदारासही पाठवण्यात यावे, व अंतरा यांच्या आधी पोहोचवण्यात यावे, ही विनंती.'