शेवटी ठेवलेला ओ

माझी बायको ओपल गेली हे मला धक्क्यावर कळलं. मी शेवंडं पकडायचे पिंजरे उतरवत होतो. तिची बहीण धावत आली आणि तिनं माझ्या हातातला पिंजरा काढून खाली ठेवला. घरी आलो तर बोटीच्या नावाची नवी पाटी तिच्या टेबलाला आवळलेली तशीच होती. जुनी खाऱ्या वाऱ्यानं झिजली म्हणून ती ही कोरत होती.

आमची भेटही पाटीमुळेच झाली. मी नवी बोट घेतली होती. आमच्या लुनेनबर्ग बंदरात बोटीला आईचं, बायकोचं नाहीतर मुलीचं नाव देतात. धुक्यातून मी तिच्या पाट्या कोरायच्या दुकानात शिरलो.

"काय नाव कोरायचं?" तिनं विचारलं.

"ठरायचंय..."

"मग ठरव आणि ये."

मी गेलो नाही, बघत राहिलो. अक्षराच्या मधोमध तिनं आधी सुरीनं उभा काप घेतला. मग पटाशी तिरपी धरून एका बाजूनं, नंतर दुसऱ्या बाजूनं. ढलपी अलगद सुटली.

"आधी मधला काप कशाला?"

"नाहीतर ढलपी थांबणार कुठं? थेट पलीकडची कड घेऊन जाईल. तू पिंजरे टाकतोस की नुसते प्रश्न?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हजर.

"सगळ्यात वेळखाऊ अक्षर कोणतं गं?"

"ओ. गोल फिरताना लाकडाच्या रेषा उलट्या येतात. वळणावळणाला पटाशीची दिशा बदलावी लागते, नाहीतर कड फुटते. मी तो शेवटी ठेवते."

"मग मला ओ असलेलंच नाव हवं."

"का?"

"तुला वेळ लागेल ना..."

ती हसली नाही. पण धार असलेल्या पटाशीलाच पुन्हा धार लावायला लागली.

"जिचं नाव द्यायचंय त्या मुलीला विचारलंस तरी?" मान खाली घालून ती म्हणाली. "बोटीवर नाव गेलं की गावभर होतं."

"तेच विचारायला आलोय."

"कुणाला?"

मी तिची पेन्सिल उचलली आणि फळीवर लिहिलं – ओपल.

ती फळीवर वाकली. माझे कान तापले.

"अक्षर किती घाणेरडं आहे तुझं!" ती म्हणाली. मग तिनं ते पुसलं... आणि स्वतःच्या हातानं नीट आखलं.

त्या ओची शेवटची कड तिनं मला कापायला दिली. मी ती फोडली.

"राहू दे," ती म्हणाली. "तू कोरलीस हे कळेल तरी."

नव्या पाटीवर पी, ए, एल कोरून झालेत. ओ नुसता पेन्सिलीनं आखलाय. तिला एवढे प्रश्न विचारले, पण पहिली पटाशी कुठल्या वळणावर लावायची, हे विचारलं नाही. तेव्हा मी पटाशीकडे नाही, तिच्याकडे बघत होतो.

ओ कोरायचा राहिलाय.