एक शीट कमी!

ज्या गाडीला वेळापत्रकच नाही, ती वेळेवर कशी पोहोचवते? मला हे कोडं कधी पडलंच नव्हतं, कारण मी सांगलीची. ते पडलं मार्गज्ञ नावाच्या यंत्रमानवाला, आणि तेही दुपारी तीन पंचवीसला, जेव्हा कोडी सोडवत बसायला आम्हाला अजिबात सवड नव्हती.

मार्गज्ञ मंगळावरच्या वस्तीतून आला होता. तिथल्या गाड्या ठरलेल्या वेळी धावतात, मग आत कोणी असो वा नसो. रिकाम्या फेऱ्यांत वीज वाया जाते, म्हणून पृथ्वीवरच्या शहरांत लोक कसे ये-जा करतात ते बघायला त्याला धाडलं होतं. आमच्या शाळेने त्याला सांगली दाखवायचं काम माझ्यावर, म्हणजे सातवीतल्या केतकीवर, सोपवलं. सकाळपासून आम्ही आयर्विन पूल पायी ओलांडला, शहर बसने हळदीच्या बाजारात गेलो, भाड्याची सायकलही चालवली. तो पडला, मी नाही.

आता त्याला मिरजेहून चारची रेल्वे गाठायची होती. ती चुकली की यान चुकलं. पृथ्वी आणि मंगळ सूर्याभोवती फिरता फिरता एकमेकांच्या सोयीच्या जागी येतात, तेव्हाच प्रक्षेपण-संधी (यान सोडायला योग्य काळ) मिळते, आणि ती साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा येते. म्हणजे पाहुण्यांचा दोन वर्षांहून जास्त मुक्काम!

"पुढची बस तीन चाळीसला. मिरजेला पोहोचेल चार वाजून पाच मिनिटांनी," मार्गज्ञ म्हणाला.

"मग वडापने जाऊ की! भरली की सुटते."

"वडाप. सुटण्याची वेळ अज्ञात. माझ्या अहवालात नोंद केली आहे, ही अव्यवस्था आहे."

मला मिरच्या झोंबल्या. थांब्यावर समोर उभी असलेली पिवळी, विजेवर चालणारी वडाप, म्हणजे माणशी भाडं घेऊन नेणारी गाडी, माझ्या शालनमावशीची होती. वीस वर्षं ती सांगली-मिरज वडाप चालवते, आणि हा तिला अव्यवस्था म्हणतो!

"वेळ पाटीवर नसते, थांब्यावर असते," मी म्हणाले. "मिनिटाला किती माणसं येतात ते मोज."

"गेल्या सहा मिनिटांत बारा. सरासरी (एकूण माणसं भागिले मिनिटं) दोन."

"मग नऊ जणांची गाडी भरायला किती वेळ?"

"साडेचार मिनिटं."

"झालं तर! सकाळी कॉलेज भरताना मिनिटाला नऊ येतात, तेव्हा मिनिटाला एक गाडी सुटते. भर दुपारी माणसं कमी, मग फेऱ्याही कमी. रिकामी एकही पळत नाही."

मार्गज्ञचे डोळे निळे झाले. विचार करताना ते तसे होतात. "म्हणजे मागणी (किती जणांना जायचं आहे ते) वाढली की फेऱ्या आपोआप वाढतात. हुकूम सोडणारं कोणीच नाही. याला स्वयंसंघटन (कोणी न सांगता लागलेली शिस्त) म्हणतात!"

"आम्ही वडाप म्हणतो," मी म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. माझ्यासकट आठ जण झाले.

मार्गज्ञ मात्र खालीच उभा. "सुटण्याची वेळ नक्की झाल्याशिवाय वाहनात चढायचं नाही, असा माझा नियम आहे. गाडी भरली की चढेन."

तीन तेहेतीस. तीन पस्तीस. सरासरी मिनिटाला दोन असली, तरी प्रत्येक मिनिटाला दोन माणसं येतीलच असं नसतं. आता तर चिटपाखरू येईना. मिरजेला वीस मिनिटं लागतात.

"मिरज, मिरज! एक शीट कमी हाय, एक शीट!" मावशी ओरडली.

मार्गज्ञने लगेच वाकून गाडीतली आसनं मोजली. "नऊच्या नऊ आहेत. एकही कमी नाही."

सगळी गाडी हसायला लागली. "अरे, शीट म्हणजे खुर्ची नाही, माणूस!" मी म्हणाले.

मावशीने त्याच्याकडे रोखून बघितलं. "अवो पावणं, सगळी जणं अशीच खाली उभी ऱ्हायली, तर गाडी भरायची कधी?"

मार्गज्ञचे डोळे इतके निळे झाले, की मला वाटलं आता फ्यूज उडणार. "मी गाडीची वाट बघतोय, आणि गाडी माझी! कमी असलेलं शीट... मीच आहे!"

"यंत्राला शीट धरायचं व्हय?" मागून एका आजोबांनी विचारलं.

"जागा अडवतंय न्हवं? मग शीटच!" मावशी म्हणाली. तो बसला, आणि तीन सदतीसला गाडी सुटली. तीन सत्तावनला आम्ही मिरज स्टेशनच्या दारात होतो. मार्गज्ञ पळत सुटला, आणि रेल्वे त्याला मिळाली.

वर्षभराने शाळेच्या पडद्यावर मंगळावरून चित्रफीत आली. तांबड्या धुळीत विनाचालक गाडी उभी होती. आत आठ जण, बाहेर एक घुटमळणारा प्रवासी. वर पाटी होती, चक्क मराठीत: 'वडाप. नियम पहिला: आधी आपण बसावे.' आणि गाडीच्या भोंग्यातून आवाज येत होता, "एक शीट कमी हाय, एक शीट!"

तो आवाज शालनमावशीचाच होता. मार्गज्ञने तो त्या दिवशी गुपचूप टिपून नेला होता. मी बाकावर उभी राहून ओरडले, "ती माझी मावशी आहे!"