रावसाहेबांनी दिवा सोडला

चंद्रकोट वसाहतीच्या कीटकपालन कक्षात, काचेच्या एका उंच पेटीत, एक शॅमेलिऑन राहत असे. डॉ. इब्राहिम मुजावरांनी पृथ्वीवरून येताना त्याला सोबत आणले होते. दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा आणि पाऊल टाकण्याआधी पुढेमागे डुलत विचार करणारा तो सरडा. त्याचा तो तोरा पाहून कुणीतरी त्याला रावसाहेब म्हटले आणि तेच नाव चिकटले. चंद्राच्या खडकाखाली, बोगद्यांत राहणारी माणसे कामावरून परतताना त्याच्याकडे डोकावून जात.

वसाहतीच्या वैद्यकप्रमुख डॉ. शर्वाणी रेगे एके सकाळी कक्षात आल्या त्या मात्र त्याला पाहायला नव्हे. कुमुद ढोबळे हिला पुढच्या यानाने परत पाठवावे लागणार, हे मुजावरांना स्वतः सांगावे असे त्यांना वाटले होते. कुमुद भूवैज्ञानिक. मुजावर आणि ती एकाच तुकडीतून आले होते. तिला मूतखड्याचा त्रास पुन्हा सुरू झाला होता.

तशी ती एकटीच आजारी नव्हती. वसाहतीत बहुतेकांच्या रक्तातले कॅल्शियम वाढत चालले होते. सगळ्यांना सारखी तहान लागे, थकवा जात नसे, आणि अस्थिमापक यंत्र हाडे विरळ होत असल्याचे दाखवत होते. कारण उघड दिसत होते. चंद्रावर वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढे. हाडांवर भार नाही, म्हणून शरीर त्यांतले कॅल्शियम काढून रक्तात सोडते. त्यावर उपाय म्हणून व्यायाम होता, आणि कॅल्शियमच्या व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या. शर्वाणींनी गोळ्यांची मात्रा दोनदा वाढवली होती. तरी आकडे चढतच राहिले. कुमुदनंतर एकेक करून सगळ्यांना परत आणायचे आणि वसाहत बंद करायची, असा पृथ्वीवरच्या वैद्यकीय मंडळाचा विचार होता.

मुजावरांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, रावसाहेबांचेही काही ठीक दिसत नाही. पेटीच्या वरच्या फांदीवर अतिनील दिवा आहे. पूर्वी ते तिथे शेकत बसत, आता तळाच्या सावलीतून हलत नाहीत.

"दिवा क्षीण झाला असेल," शर्वाणी म्हणाल्या.

दिवा मुजावरांनी मोजून पाहिला होता. उत्तम होता. मग त्यांनी शर्वाणींना समजावून सांगितले की शॅमेलिऑनचे खाद्य असलेल्या रातकिड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असते. म्हणून पाळलेल्या शॅमेलिऑनला प्रत्येक रातकिडा कॅल्शियमच्या भुकटीत घोळून द्यायचा. पण ड जीवनसत्त्व असल्याशिवाय ते कॅल्शियम अंगी लागत नाही. ते एकतर अतिनील प्रकाशात कातडीत तयार होते, नाहीतर दुसऱ्या भुकटीतून मिळते. ती भुकटी महिन्यातून एकदोनदाच, तीही चिमूटभर. कमी पडली तर पाय वाकतात, जीभ बाहेर पडेनाशी होते. जास्त झाली तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते.

"पण हा प्राणी स्वतःचा हिशेब स्वतः ठेवतो, डॉक्टर. अन्नातून ड जीवनसत्त्व कमी मिळालं की हा दिव्याखाली जास्त बसतो. भरपूर मिळालं की दिवा टाळतो."

"म्हणजे तुमच्या हातून भुकटी जास्त पडली."

"मलाही तेच वाटलं. म्हणून कधीचीच बंद केली. आता नुसतं कॅल्शियम लावतो. तरी हा वर जात नाही."

शर्वाणी पेटीजवळ गेल्या. पानाआड रावसाहेबांचा एक डोळा त्यांच्याकडे वळला, दुसरा तसाच भिंतीकडे राहिला.

"रातकिडे काय खातात?" त्यांनी विचारले.

"अळिंबीघरातून देठ येतात, तेच." हे म्हणताना मुजावर थांबले. गेल्या वर्षी अळिंबीघरात बुरशीची साथ आली होती आणि ती मारण्यासाठी वाफ्यांवर अतिनील दिवे बसवले होते. "डॉक्टर, अतिनील प्रकाश पडला की अळिंबीतही ड जीवनसत्त्व तयार होतं. आपल्या कातडीत होतं तसंच."

शर्वाणी स्टुलावर बसल्या. अळिंबी वसाहतीच्या रोजच्या सुपात असे आणि तिचे पीठ भाकरीतही असे. ड जीवनसत्त्व फार झाले की ते उलट हाडांतलेच कॅल्शियम ओढून रक्तात आणते, हे त्या विद्यार्थिदशेत शिकल्या होत्या. रक्तात कॅल्शियम वाढलेले दिसले, की त्यांनी त्याचा एकच अर्थ लावला होता. आणि गोळ्या वाढवल्या होत्या.

रक्तातले ड जीवनसत्त्व कुणी मोजलेच नव्हते. गोळ्या किती दिल्या ते ठाऊक होते, मग मोजायचे कशाला? दुपारी त्यांनी ते मोजले. बहुतेकांचे प्रमाण धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर होते. काहीजण मात्र रेषेच्या किंचितच वर होते, आणि त्यांची हाडे सर्वांत चांगली होती. शर्वाणींनी त्यांना एकेकट्याला बोलावून विचारले. मग एकाने खाली मान घालून कबूल केले, आणि बाकीच्यांचेही तेच निघाले. ते गोळ्या घेतच नव्हते. कुणाला त्यांची चव आवडत नव्हती, कुणी कंटाळून सोडल्या होत्या.

सर्वांत जास्त प्रमाण कुमुदचे होते.

गोळ्या त्याच दिवशी थांबल्या. अळिंबीघरातले दिवे काढले गेले आणि रातकिड्यांना भाजीचा पाला सुरू झाला. शर्वाणींनी मंडळाला काहीही न लपवता कळवले. शरीरात साठलेले जीवनसत्त्व उतरायला वेळ लागतो, म्हणून मंडळाने मुदत दिली. काही आठवड्यांत रावसाहेब पुन्हा दिव्याखाली दिसू लागले. माणसांचे आकडे त्यामानाने सावकाश उतरले, पण उतरले. यान आले तेव्हा कुमुदचे नाव यादीतून काढलेले होते.

पण कुमुदला खरे कारण समजले ते गोळ्या थांबल्या त्याच संध्याकाळी. शर्वाणी तिच्या खोलीत गेल्या आणि अळिंबीपासून मात्रा वाढवण्याच्या स्वतःच्या दोन निर्णयांपर्यंत सगळे सरळ सांगून टाकले. कुमुदच्या हातात पाण्याचा पेला होता.

"मी एकही गोळी चुकवली नाही," ती म्हणाली. "तुम्ही सूप घ्या म्हणालात, तर मी दोनदा घ्यायचे."

"ठाऊक आहे मला."

"आमच्या तुकडीत टाळाटाळ करणाऱ्यांना मी समोर उभं राहून गोळ्या घ्यायला लावल्या. त्यांना आता काय सांगू?"

"माझं नाव सांगा," शर्वाणी म्हणाल्या.

कुमुदने पेला खाली ठेवला. "नको," ती म्हणाली. "आपण दोघी मिळून जाऊ त्यांच्याकडे."