अंगठा पुसून ठेव

नातेवाइकांत तो फोनचा डॉक्टर. कुणाचा फोन अडकला, तापला, आवाज गिळू लागला, की याला बोलावणं आलंच. इलाजही ठरलेला: सगळं पुसायचं, नव्याने सुरू करायचं आणि वर आपल्या आवडीची दोन-चार कुलपं लावून द्यायची. हाताला तशी खोडच जडली होती म्हणा ना.

त्या खोडीनेच घात केला. बायको इस्पितळात होती. "फार अडखळतोय रे हा. बघ ना जरा," म्हणत तिने आपला फोन त्याच्या हाती दिला. बाहेरच्या बाकावर बसून त्याने पाच मिनिटांत तो कोरा करून टाकला. खोलीत परतला तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, "त्यात तुम्हा दोघांसाठी थोडं बोलून ठेवलंय. मी गेल्यावर ऐका." कोरा फोन त्याने खिशात सरकवला. तो एवढंच म्हणाला, "हो, ऐकू." दुसऱ्या दिवशी ती गेली.

मुलीला त्याने खरं सांगितलं नव्हतं. "जुना फोन आहे गं, वेळ लागतोय," म्हणत आठ महिने ढकलले. नाना उपाय करून पाहिले, हाती काही लागलं नाही.

त्या रविवारी दुपारी मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. त्याने बायकोच्या फोनचा पडदा पुसून त्यावर नवी काच चिकटवली, हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही. मग फोन पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. भाषा निवडली. सवयीने कुलपंही लावली: दहा वेळा चुकीचं बोट लागलं तर सगळं आपोआप पुसलं जावं, आणि बोट जुळल्याशिवाय फोन बंदही करता येऊ नये. शेवटी बोटाची नोंद करायचं पान आलं. तो चष्मा पुसायला थांबला.

फोन टेबलावर होता. त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. तरी पडद्यावरचं वर्तुळ भरू लागलं. एकामागून एक बारीक रेषा उमटत होत्या. मधली एक आडवी फट तेवढी रिकामी राहिली.

तिच्या उजव्या अंगठ्यावर सुरी लागल्याची आडवी खूण होती. त्या खुणेमुळे फोन तिला कधी धड ओळखायचा नाही. "हा मेला मला ओळखतच नाही," ती कुरकुरायची, आणि हा मानही वर न करता सांगायचा, "अंगठा पुसून ठेव."

खोलीत औषधाचा वास दाटला. नोंद झाली. पडद्याला कुलूप लागलं आणि त्यावर एक ओळ आली: एक रेकॉर्डिंग, एक्केचाळीस सेकंद. तारीख इस्पितळातल्या दिवसांतली.

त्याला रडूच फुटलं. "उघड ना गं..." तो पुटपुटला. "ऐकव..."

फोन थरथरला. बोट जुळलं नाही. नऊ संधी बाकी.

"अंगठा... अंगठा पुसून ठेव..."

त्याच्या खुर्चीमागे कापड घासल्याचा हलका आवाज झाला. फोन पुन्हा थरथरला. आठ. मग सात.

"थांब... घाई करू नकोस..."

पण घाई तिला होतीच. सहा. पाच. त्याने फोन बंद करायचं बटण दाबून धरलं, तर फोनने बोट मागितलं. त्याने आपला अंगठा टेकवला. चार. कापडाचा आवाज आता त्याच्या कानाशी आला होता, जोरजोरात, कातडी सोलून निघावी तसा. तीन. दोन.

"नको... राहू दे... तुझ्या पाया पडतो..."

एक. त्याने दोन्ही तळव्यांनी पडदा झाकून घेतला. तळव्यांखाली फोन शेवटचा थरथरला.

हात काढले तेव्हा पडदा पांढरा होता. स्वागत. भाषा निवडा.

"बाबा, मिळालं का काही?" मुलीने आतून विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "काहीच नव्हतं त्यात."

पडद्यावर एक ओला ठसा होता, मधोमध आडवी फट असलेला. त्याने तो कापडाने पुसला, मग नखाने खरवडला. जाईना. शेवटी फोन उजेडाकडे तिरका धरला.

ठसा त्याने मघाशी चिकटवलेल्या काचेच्या आतल्या बाजूला होता. आणि अजून ओलाच होता.