नऊ वेळा उजवा अंगठा

कागद एक. नोंदी नऊ. नऊ वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा हजार रुपये काढलेले. बोट: उजवा अंगठा. प्रयत्न: प्रत्येक वेळी एक.

परळच्या मासळी बाजारातल्या रिकाम्या ओट्यावर पसरलेला तो कागद अक्षदाने वरून खाली दोनदा वाचला. भोवती चौदा कोळणी उभ्या होत्या. तेरा एका बाजूला. गुणवंती एकटी दुसऱ्या बाजूला.

"आता बोल गो," कमलाबाई म्हणाली. "ॲपच्या कंपनीनं लिहून धाडलंय. अंगठा तुझाच हाय."

"मी नाय काढलं."

"मग तुझा अंगठा एकटाच फिरायला गेलेला काय?"

कोणी हसलं नाही. पावसाळ्यात होड्या दोन महिने किनाऱ्याला लागतात, बाजार बसतो. चौदा जणींनी मिळून साठवलेल्या या पैशांवर त्या दिवसांत चौदा घरांच्या चुली पेटत. मोठी बँक शिल्लक कमी झाली की दंड कापायची, म्हणून बायकांनी ती कधीच सोडली होती. पुढची पंधरा वर्षं पैसे गल्लीतल्या पतपेढीत होते. गेल्या वर्षी ओट्यावर येऊन पैसे नेणारा निमेश आणि त्याचं ॲप आलं. पतपेढीही सुटली. नवं खातं गुणवंतीच्या नावावर होतं, कारण तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

"पाच वाजता सोनाराकडं," कमलाबाईने निकाल दिला. "पाटल्या मोड, पैसे भर. आणि उद्यापासून हा ओटा सोड."

"ओटा माझ्या आयशीचा हाय, कमळे."

"आयशीनं चोरी नव्हती केली."

गुणवंतीने पाटल्या उतरवल्या आणि रुमालात बांधल्या.

अक्षदाने घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. ती पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली, वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. वर्षातून एकदा ती या बाजारातले काटे तपासायची. खोटा काटा असेल तर ती तोंडावर सांगते, एवढं इथे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच गुणवंतीने सकाळी तिला फोन केला होता.

"मावशी, पैसे निघाल्याचे मेसेज आले नाहीत?"

"फोन बर्फाच्या पाण्यात पडला गो. महिना झाला, बंद."

"अंगठा दाखवा."

गुणवंतीने हात पुढे केला. चाळीस वर्षं खवले, काटे आणि बर्फ. अंगठ्याचं टोक गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

निमेश बाजाराच्या तोंडाशी बोटाचा ठसा वाचणारं मशीन घेऊन बसला होता. चेहरा उतरलेला.

"ताई, सगळे मला चोर समजतात. पण या नोंदी माझ्या मशीनच्या नाहीत. नंबर बघा ना."

"मावशींचं कुठलं बोट लावतोस?"

"डाव्या हाताची करंगळी. बाकी काही लागतच नाही. उजवा अंगठा तर एकदापण घेतला नाही मशीननं."

"खातं उघडताना अंगठा घेतला होता कागदावर?"

"नाही ओ. मावशी सही करते. शाळेच्या बाईंकडे शिकली, दहा-अकरा वर्षं झाली."

अक्षदाने कागदावरचा मशीन नंबर पुन्हा पाहिला. त्याच्यापुढे मालकाचं नाव होतं: शिवा पेडणेकर, कॉटन ग्रीन. निमेशला हे नाव माहीत नव्हतं. कमलाबाईलाही नव्हतं.

पतपेढी दोन गल्ल्या पलीकडे, चाळीच्या तळमजल्यावर होती. लाकडी काउंटर, लोखंडी तिजोरी आणि एकच माणूस: व्यवस्थापक रमाकांत. पांढरा शर्ट, मऊ आवाज.

"बस, बाळ. चहा घेणार? ऐकलं मी. फार वाईट झालं." त्याने खणातून छापील अर्जांची चळत काढली. "चौदा अर्ज तयार ठेवलेत. पाच वाजता बाजारात घेऊन जातो. आपलं माणूस ते आपलं माणूस. ते मोबाइलवाले आज आहेत, उद्या नाहीत."

"काका, पूर्वी इथे अंगठे घ्यायचात ना?"

"घ्यायचो की. जुनी रीत. पुरुषांचा डावा, बायकांचा उजवा."

"ते रजिस्टर आहे अजून?"

"का नसेल? मी कागद टाकत नाही."

त्याने तिजोरी उघडून जाडजूड रजिस्टर समोर ठेवलं. सन २००८. गुणवंतीचा ठसा जांभळ्या शाईत, रेघ न् रेघ मोजता येईल इतका स्वच्छ. त्या पानावर बारा ठसे होते. गुणवंतीचा धरून पाच ठशांभोवती पुसट चौकोन दिसत होते. चौकोनांच्या कडांना धूळ धरली होती. बाकीच्या सात ठशांभोवती काही नव्हतं.

अक्षदाने रजिस्टर मिटलं. उठताना तिची नजर भिंतीकडे गेली. गणपतीच्या तसबिरीशेजारी खाकी गणवेशातल्या म्हाताऱ्याचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. खाली नाव लिहिलेलं होतं.

"आमचा शिपाई," रमाकांत म्हणाला. "बायका त्याला मामा म्हणायच्या. चार वर्षं झाली जाऊन."

बाहेर येऊन अक्षदाने पोलीस ठाण्याला फोन लावला.

पाच वाजता रमाकांत अर्ज घेऊन बाजारात आला. फौजदार किर्ती साळवी साध्या साडीत बर्फाच्या पेटीवर बसल्या होत्या. निमेशचं मशीन ओट्यावर होतं.

"मावशी, उजवा अंगठा," अक्षदा म्हणाली.

मशीनने लाल दिवा दाखवला. पुन्हा लाल. वीस वेळा लावला, वीस वेळा लाल.

"जिवंत अंगठा एकदाही लागत नाही," अक्षदा म्हणाली. "चोराचा अंगठा नऊच्या नऊ वेळा पहिल्या फटक्यात लागला. म्हणजे तो आजचा नाही. झिजण्याआधीचा आहे."

"म्हंजे?" कमलाबाईने विचारलं.

"मावशींचं आज कुठलं बोट लागतं हे चोराला माहीत असतं, तर त्याने करंगळी लावली असती. त्याच्याकडे फक्त उजवा अंगठा होता. बायकांचा फक्त उजवा अंगठा कोण घ्यायचं?"

तेरा जणींच्या माना एकदम वळल्या.

"रजिस्टरमधल्या ठशांवर चिकटपट्टी लावून ते उचलले, त्यावरून नकली अंगठे केले. चौकोनाचा गोंद तिथेच राहिला, त्यावर धूळ बसली. अंगठ्याबरोबर आधार नंबर लागतो, त्या कार्डांच्या झेरॉक्स पतपेढीत आहेतच. आणि मशीनचा मालक शिवा पेडणेकर. तुमचे शिपाईमामा."

"मामा तर मेला!" कोणीतरी ओरडलं.

"हो. कंपनीच्या नोंदीप्रमाणे मशीन त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी घेतलंय."

रमाकांतने हातातले अर्ज ओट्यावर ठेवले. "रजिस्टर कोणीही उघडू शकतं," तो म्हणाला.

"तिजोरीची किल्ली कोणाकडे असते?" किर्तीबाईंनी विचारलं.

रमाकांतच्या आवाजातला मऊपणा गेला.

"पंधरा वर्षं तुमच्या पोरांच्या फिया, तुमची बाळंतपणं सांभाळली. एक पोरगं मशीन घेऊन आलं आणि एका दिवसात उठून गेलात! तुमच्यामागून सगळी गल्ली गेली. पतपेढीत उरलंय काय? एकदा घाबरला असतात तर परत आला असतात."

"माझ्या नावानं घाबरवलंस," गुणवंती म्हणाली. "माझ्याच नावानं."

किर्तीबाई उठल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या हवालदाराने रमाकांतचा दंड धरला.

"बँक दंड कापते, ह्यो अंगठा कापतो," कमलाबाई पुटपुटली. "पैसं ठेवायचं कुठं, माठात?" मग तिने ओट्यावरचा रुमाल उचलून गुणवंतीपुढे धरला. "पाटल्या चढव गो."

"हात ओले हायेत," गुणवंती म्हणाली आणि रुमाल कमलाबाईच्याच हातात राहू दिला.

सहा वाजून दहा मिनिटांनी पतपेढीची तिजोरी उघडली. खालच्या कप्प्यात पितळी पानाचा डबा होता. त्यात रबराचे अंगठे होते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी चिकटवलेली. किर्तीबाईंच्या सांगण्यावरून अक्षदाने ते पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले आणि सभासदांच्या यादीशी एकेक नाव ताडून पाहिलं. यादीत वारलेल्यांच्या नावापुढे मृत्यूची तारीख होती; खाती मात्र बंद केलेली नव्हती.

अंगठे एकतीस. हयात अठरा. मृत तेरा.