वयाचा खरा दाखला

दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी शस्त्रपरवाना कार्यालयातल्या एका फाईलमधून जन्मदाखला गायब असल्याचं उघड झालं. फक्त तपासनीस बाईंची सही बाकी होती.

"खोटा असणार, म्हणून काढून घेतला," कारकून म्हणाला. "एकविसाच्या आत परवाना नाही. आणि अर्जदार मुलगी दिसते शाळेतली."

बाईंनी दाखला गेल्याच आठवड्यात जन्मनोंदणीशी ताडून पाहिला होता. खरा होता. मुलीला परवाच एकवीस वर्षं पूर्ण झाली होती.

मग खरा कागद कोण कशाला चोरेल?

"फाईल कुणाच्या हातात होती?"

"सकाळी मी अकरा कागद मोजून घेतले, मग सह्यांसाठी मुलीकडे दिली. वडील तेव्हा माझ्याशीच हुज्जत घालत होते, उशीर का म्हणून. त्यांचाही परवाना होता. तीन वर्षांपूर्वी रद्द झाला."

बाईंनी बापलेकीला आत बोलावलं.

"बंदूक कशासाठी हवी?"

"नेमबाजीसाठी," वडील म्हणाले.

"मी तिला विचारलंय. कुठल्या बनावटीची घेणार?"

मुलगी वडिलांकडे बघू लागली. वडिलांनी बनावट, नळीची लांबी, दुकान, सगळं धडाधड सांगितलं. "बुजरी आहे हो, मॅडम. दुसरी प्रत उद्या आणतो."

बाईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि दार लावलं.

"दाखला दे."

मुलीने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"खरा कागद नाहीसा झाला तर फायदा कुणाचा? ज्याला परवाना नको, त्याचा. वडिलांना घाई आहे. कारकुनाला घेणंदेणं नाही. उरलीस तू. त्यांची जुनी फाईल मी वाचली आहे. त्यांनी तुझ्या आईवर बंदूक रोखली, म्हणून त्यांचा परवाना गेला. आता तुझ्या नावावर हवाय."

मुलीने बुटातून कागदाची घडी काढून टेबलावर ठेवली.

"याने फार तर दोन दिवस मिळतील," बाई म्हणाल्या. "कायमचं थांबवायचं तर बंदूक वडिलांसाठी मागितली, असं तुला लिहून द्यावं लागेल."

"त्यांना कळेल?"

"नकाराचं कारण कळवावंच लागतं."

"मग मी घरी कशी जाऊ? आई एकटी आहे तिथे."

बाईंनी पोलीस ठाण्यात फोन लावला. घरी गाडी पाठवतो म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही. बाईंनी कोरा कागद मुलीपुढे सरकवला.

एक वाजून वीस मिनिटांनी दारावर वडिलांची थाप पडली. "झालं का गं?"

कागदावर तारीख होती, मुलीचं नाव होतं. खालचं वाक्य 'ही बंदूक' इथवर आलं होतं.